गोठा, गोणपाट आणि तापमापक: एका हिवाळ्याच्या नोंदी

२ नोव्हेंबर

जनावरांची मोजदाद: गाई ४ (दोन दुभत्या, एक गाभण, एक भाकड), म्हशी ३ (एक विण्याच्या बेतात), वासरे-पारडी ५, शेळ्या १४, अंड्यांच्या कोंबड्या ६०. डिसेंबरअखेर १०० पिल्लांची भर पडेल.

गोठा ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद. वर पत्रा, तीन बाजूंना कंबरेएवढी भिंत, चौथी बाजू मोकळी.

तापमापक दोन. एक बाहेर सावलीत. दुसरा वासरांच्या कप्प्यात जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर, म्हणजे बसलेल्या वासराचे नाक जिथे असते तिथे. आपल्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेला तापमापक आपलीच थंडी सांगतो, वासराची नाही.

गव्हाणीपासून नालीपर्यंत प्रत्येक ठाणावर एकेक बादली पाणी ओतून पंधरा मिनिटांनी पाहिले. दोन ठिकाणी पाणी साचून राहिले. उतार मीटरला दीड सेंटीमीटर तरी हवा. तिथे तो उलटा झाला होता. जनावर पाय घासते त्याच जागी कोबा झिजतो, हे नेहमीचेच. जागा टाकीने खरवडून एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा भरला, ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढल्या म्हणजे खूर घसरणार नाही. सात दिवस ओले पोते टाकून ठेवायचे, तोवर ती दोन जनावरे बाहेर.

४ नोव्हेंबर

पावसाळ्यानंतरची शेणतपासणी. पाणथळ कडेला चरलेल्या तीन जनावरांच्या नमुन्यात पर्णकृमीची (यकृतातल्या चपट्या जंताची) अंडी निघाली. औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि घोटाळा नेमका इथे होतो: अंदाज कमी लागतो, मात्रा अपुरी पडते, जंत राहतात आणि पुढे औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून टेप लावला. छातीचा घेर गुणिले छातीचा घेर गुणिले लांबी (खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत), सगळे सेंटीमीटरमध्ये, भागिले १०,८४०, उत्तर किलोत. घेर १७०, लांबी १४० असलेली गाय ३७३ किलोची भरली. नजरेचा अंदाज ३०० होता.

गाभण गाईला कोणते औषध चालेल आणि दुभत्या जनावराचे दूध किती दिवस बाजूला काढायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन दारामागे चिकटवले.

९ नोव्हेंबर

पहाटेचे किमान १२ अंश. पडदे लावले. वारा येतो त्या दोन बाजूंना गोणपाट दुहेरी शिवून, खालच्या काठात बांबू ओवून. वळचणीपर्यंत गच्च बंद.

१३ नोव्हेंबर

चूक झाली. पहाटे पाचला पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते. दोन वासरे ढासत आहेत, एकीच्या नाकपुडीला शेंबूड. आत १६ अंश, बाहेर ११. आकडा छान, हवा घाण. एक गाय रात्रभरात श्वासातून आणि मूत्रातून कित्येक लिटर पाणी सोडते. ते बाहेर जायला वाट नसेल तर पत्र्याला लागून गार होते आणि पाठीवर ठिबकते. ओल्या केसांत हवा धरून राहत नाही, आणि ऊब त्या हवेतच असते. कोरडे वासरू ८ अंशांत मजेत रवंथ करते, ओले १५ अंशांत कुडकुडते. पडदा गच्च बांधणाऱ्या प्रत्येक गोठ्यात हेच होते आणि दोष थंडीला जातो.

वास घ्यायचा तो आत शिरल्या शिरल्या आणि उकिडवे बसून. दोन-चार मिनिटांत नाक सरावते, मग काहीच कळत नाही. आज वासरांच्या उंचीवर डोळे चुरचुरले.

१४ नोव्हेंबर

दुरुस्ती. पडद्याचा वरचा काठ वळचणीपासून ३० सेंटीमीटर खाली उतरवला. म्हणजे जमिनीपासून बसलेल्या जनावराच्या डोक्यावर जाईपर्यंत आडोसा, त्याच्या वर मोकळे. गरम दमट हवेला आढ्यावर फट ठेवली: गोठ्याच्या दर ३ मीटर रुंदीमागे ५ सेंटीमीटर या हिशेबाने १० सेंटीमीटर, वर पावसासाठी पत्र्याची टोपी.

उदबत्ती लावून पाहिले. वासराच्या नाकाच्या उंचीवर धूर सरळ वर जावा आणि आढ्याकडे ओढला जावा. कोपऱ्यातल्या कप्प्यात तो आडवा पळाला, कारण भिंतीत खाली एक विटेएवढे भोक होते. तिथे चिंधी-माती कोंबली. मोठ्या खिडकीपेक्षा असे एकच भोक वाईट. वारा तिथून सुईसारखा येतो.

१७ नोव्हेंबर

थेंब बंद. आत ११, बाहेर ९. ढास एकाच वासराला उरली, ताप ३९.२, म्हणजे नेहमीच्या पट्ट्यात. लक्ष ठेवणे.

पाणी मारून गोठा धुणे आता फक्त सकाळी अकराला, ऊन असताना. दुपारी तीननंतर थेंबभरही नाही. संध्याकाळी आणि रात्री नऊला शेण कोरडे ओढून काढायचे. जनावरे धुणेही अकरा ते एकमध्येच. म्हशीला केस विरळ, ती ओली राहिली तर गाईपेक्षा लवकर काकडते.

२१ नोव्हेंबर

अंथरूण. मोठ्या जनावरांना रबरी चटईवर पेंढ्याचा पातळ थर. नुसती चटई खालून मूत्र धरते, आठवड्यातून दोनदा उचलून उन्हात टाकावी लागते. वासरांना मात्र पेंढा भरपूर: १५ ते २० सेंटीमीटर. कसोटी दोन.

पहिली, गुडघ्यांची. अंथरुणावर गुडघे टेकून पंचवीसपर्यंत आकडे म्हणायचे. उठल्यावर पायजमा ओला तर अंथरूण ओले. वरून पिवळाधमक दिसणारा पेंढा आज या कसोटीत नापास झाला. खालचा काळा थर पूर्ण उपसला, दोन दिवस कप्पा उघडा ठेवला, मग नवा.

दुसरी, पायांची. वासरू बसले की मागचे पाय पूर्ण दिसतात, अर्धे दिसतात की पेंढ्यात बुडतात? बुडाले पाहिजेत. पोट आणि पाय पेंढ्यात गेले की वासरू स्वतःच्या उबेचा खळगा करते. वर नुसता थर टाकत राहून भागत नाही, खालचे ओले काढावे लागते. रोज एका कप्प्याला एक पाटी लागते.

तीन आठवड्यांच्या आतल्या दोन पारड्यांना गोणपाटाचे जाकीट शिवले, आत जुन्या रजईचा थर. तीन आठवड्यांच्या आत वासराला १५ अंशांखालीच थंडी भागवायला अंगातली शक्ती खर्च करावी लागते. पुढे ती मर्यादा ५ अंशांच्या आसपास उतरते. जाकिटाचे नियम: अंग पूर्ण कोरडे असल्याशिवाय घालायचे नाही, पट्ट्याखाली दोन बोटे गेली पाहिजेत, नराचा मागचा पट्टा मूत्र लागेल तिथे नको, आणि रोज आत हात घालून पाहायचे. हात दमट लागला तर जाकीट काढणे बरे. दुपारी उन्हात काढतोच.

दूधही वाढवले: ४ लिटरचे ५, दोनाऐवजी तीन वेळा. पाजताना ३९ अंश. बाटली बादलीत उभी करून ठेवली की गार होत जाते. पाचव्या वासराला नेहमी गार दूध जाते ते यामुळे. क्रम रोज उलटा करणे, किंवा बादलीत गरम पाणी.

१ डिसेंबर

म्हैस पहाटे २:४० ला व्याली. पारडू ३२ किलो.

काय केले, क्रमाने: नाकातोंडातला चिकटा काढला, म्हशीला चाटू दिले, दहा मिनिटांनंतर कोरड्या पोत्याने उलट्या केसांनी खसाखसा चोळले, नाळ ७ टक्के टिंक्चर आयोडिनच्या कपात पूर्ण बुडवली (नुसता बोळा फिरवून नाही), कास धुऊन पुसून पहिल्या चार धारा टाकून दिल्या. चीक वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे ३.२ लिटर: २ लिटर पहिल्या तासात, बाकीचा सकाळी आठला. वार (व्याल्यानंतर पडणारी झिल्ली) पडेपर्यंत चीक पाजायचा नाही ही समजूत वासरे मारते. आतड्याची चिकातले संरक्षण शोषून घेण्याची ताकद तासागणिक उतरते आणि दिवसभरात संपते. वार तिच्या वेळेने पडते. आज ती ७:१५ ला पडली. बारा तास उलटले असते तर डॉक्टर. ओढायची कधीच नाही, वजनही बांधायचे नाही.

म्हशीला लगेच कोमट पाणी ठेवले, १८ लिटर एका दमात प्याली.

२ डिसेंबर

संध्याकाळी तीच म्हैस बसून राहिली, मान कुशीकडे वळवलेली, कान गार. हिवाळ्यात ही खूण फसवते: कान गार म्हणजे थंडी, वर पोते टाका, सकाळी बघू. पोते टाकायच्या आधी गुदद्वारात तापमापक लावला: ३७.१. नाकपुडी कोरडी, रवंथ बंद. हा चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियमचा तुटवडा, दुग्धज्वर. नावात ज्वर आहे, अंगात नसतो. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकत दिले. घाईने दिले तर हृदय थांबते, म्हणून ते घरी करायचे काम नाही. तोवर जनावर छातीवर बसते ठेवायचे, कुशीला पेंढ्याची पोती लावून. आडवे पडले तर पोट फुगते. तोंडातून काहीही ओतायचे नाही, गिळण्याची ताकद नसते.

पाऊण तासात उठली. पुढचे दोन दिवस कास पूर्ण रिकामी करणे नाही.

८ डिसेंबर

दूध उतरले. दोन गाईंचे मिळून दीड लिटर. चारा तोच, तब्येत ठीक. पाणी मोजले: उघड्या सिमेंटच्या टाकीतले पहाटेचे पाणी ११ अंश. गाई तोंड लावून मागे सरतात. एक लिटर दुधामागे साधारण ३ ते ५ लिटर पाणी पोटात जावे लागते. पाणी कमी प्यायले की आधी चारा कमी होतो, मग दूध.

टाकी रात्री रिकामी ठेवून सकाळी धारेआधी कूपनलिकेचे ताजे पाणी सोडले: २३ अंश. खोल पाणी हिवाळ्यात कोमट असते, ते रात्रभर उघड्यावर गार करून जनावराला देण्यात काय शहाणपण? टाकीवर झाकण, दिवसातून तीनदा भरणे. चौथ्या दिवशी दूध जागेवर.

सोबत वैरणीची वेळही हलवली. सुका चारा पोटात कुजताना ऊब देतो, खाल्ल्यानंतर कित्येक तास. म्हणून सुक्या वैरणीचा साठ टक्के भाग रात्री आठला.

१५ डिसेंबर

सड फुटले, दोन जनावरांचे. कारण शोधायला लांब जावे लागले नाही: धुतल्यावर पुसले जात नव्हते, आणि वासरू पाजून ओले सड तसेच वाऱ्यावर. शिवाय अंगठा आत दुमडून धार काढली जाते. त्याने सडाच्या आत गाठी येतात. पूर्ण मूठ.

आता: प्रत्येक जनावराला वेगळे फडके, धारेनंतर ०.५ टक्के आयोडिनच्या द्रावणात सड बुडवणे, द्रावणात दहावा हिस्सा ग्लिसरीन, अर्ध्या मिनिटाने टोकाचा थेंब टिपणे. नंतर अर्धा तास जनावर बसू द्यायचे नाही. सडाचे तोंड मिटायला तेवढा वेळ लागतो. त्यासाठी ओरडायला नको, गव्हाणीत ताजी कुट्टी टाकली की ते आपोआप उभे राहते.

२० डिसेंबर

म्हशींचा माज. दिवस लहान होऊ लागले की म्हैस माजावर येते, त्यामुळे वर्षाचे गाभण राहण्याचे गणित याच महिन्यांत सुटते किंवा चुकते. चुकते ते बहुतेक वेळा मुक्या माजामुळे. पाहण्याच्या वेळा पहाटे पाच आणि रात्री दहा. दुपारी पाहून काही दिसत नाही.

खुणा: बसल्यावर काचेसारखा स्वच्छ सोट (चिकट स्राव), थोडे थोडे मूत्र वारंवार, पान्हा चोरणे, सड ताठ. ओरडेलच असे नाही. पहाटे दिसले तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसले तर दुसऱ्या सकाळी. आज दुसऱ्या म्हशीचे केले. ७ ते १३ जानेवारी पुन्हा लक्ष. उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर त्या आठवड्यात कळेल.

२६ डिसेंबर

पिल्ले १००. ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी दिव्याची सोय) आदल्या दिवशीपासून चालू, कारण हवा तासाभरात तापते, तुसाला दिवस लागतो. तूस ८ सेंटीमीटर, त्यावर पहिले दोन दिवस कागद. पत्र्याचे गोल कडे १.८ मीटर व्यासाचे, ४५ सेंटीमीटर उंच. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३४ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी.

उष्णता पिल्लामागे २ वॅट धरून २०० वॅट. एलईडी दिवे लावून पिल्ले का कुडकुडतात असे विचारणारे भेटतात. तो दिवा उजेड देतो, ऊब नाही. उबेचे वेगळे दिवे घ्यावे लागतात. दिवा साखळीने टांगायचा, वायरीने नाही, आणि तुसापासून ५० सेंटीमीटर वर. पडलेला दिवा म्हणजे आग.

वीज गेली तर: उकळत्या पाण्याचे पाच डबे, झाकण घट्ट, पोत्यात गुंडाळून कड्यात. कोळशाची शेगडी बंद खोलीत नाही. तिचा विषारी वायू वासाने कळत नाही, पिल्लांसोबत राखणदारही जातो.

रात्री अकरा. पिल्ले दिव्याखाली ढीग करून. तापमापक ३४ म्हणतो. पिल्लू उचलून त्याचे पाय गालाला लावले: बर्फ. म्हणजे हवा गरम, जमीन गार. एका बाजूचे तूस पातळ होते, खालचा कोबा थंडी ओढत होता. तिथे आणखी ५ सेंटीमीटर भरले. एक वाजता पिल्ले कड्यात सारखी पांगली.

२७ डिसेंबर

चोवीस तासांनी वीस पिल्लांचे पोटे (गळ्याखालच्या दाण्याच्या पिशव्या) चाचपले. एकोणीस भरलेले आणि मऊ, एक रिकामे. कडक लागले असते तर पाणी मिळत नाही असा अर्थ.

३ जानेवारी

कोंबड्या. अंडी उतरली, पण ती उजेडाने. थंडीचा दोष नाही. दिवस-दिवा मिळून १६ तास केले, वाढ पहाटेच्या बाजूला, म्हणजे संध्याकाळी कोंबड्या नैसर्गिक अंधारात बसकणीवर जातात. आठवड्याला अर्धा तास वाढवत.

तुसाचा वास. कुणीतरी चुना टाकला आणि वास दुप्पट झाला. चुन्याने तूस आणखी अल्कधर्मी होते आणि अडकलेला अमोनिया सुटतो. टाकायचाच तर तूस कोरडे असताना आणि पडदे उघडून. मूळ दोष पाण्याच्या गळक्या भांड्यात होता. त्याखालचे ढेप झालेले तूस काढले, बाकीचे रोज दाताळ्याने हलवणे. मुठीत दाबून पाहायचे: गोळा झाला तर ओले, उघडताच विस्कटले तर ठीक, अजिबात जमले नाही तर फार कोरडे आणि धूळ.

खुराड्याचे पडदेही आता खालून वर ओढले जातात, माथ्याला ३० सेंटीमीटर उघडे.

९ जानेवारी

किमान ७. शेळीला तिळे, तिसरे करडू पहाटे कोपऱ्यात निपचित. वजन २.२ किलो, तापमान ३५.८ (नेहमीचे ३९ ते ४०), तोंडात बोट घातले तर आतून गार, चोखत नाही.

इथे क्रम महत्त्वाचा. करडू जन्मून पाच तासांहून जास्त झाले असतील तर अंगातली साखर संपलेली असते; तसेच शेकले तर झटके येऊन मरते. आधी डॉक्टरांकडून पोटात ग्लुकोजचे इंजेक्शन, मग ऊब. हे करडू दोन तासांपूर्वीचेच, म्हणून थेट कोरडे पुसून, खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. दर अर्ध्या तासाला तापमान: ३६.४, ३७.०, ३७.६.

३७ ओलांडले, मान धरू लागले, तेव्हाच नळी. नळी नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजून खूण केली, किलोला ५० मिली धरून ११० मिली चीक, ३९ अंश. मान टाकलेल्या करडाला नळी किंवा बाटली लावली तर चीक फुप्फुसात जातो. दुपारी आईखाली. तिला दोनच सड, तेव्हा तिसऱ्याला रोज तीन वेळा वरचे दूध.

१६ जानेवारी

पोटफुगी, शेळी एक. दव असलेला कोवळा लसूण घास (ल्यूसर्न, हिरवा चारा) सकाळी उपाशीपोटी. डावी कूस फुगून कण्याच्या वर, टिचकीला ढोलासारखा आवाज. पुढचे पाय उंचावर ठेवून गोडेतेल ६० मिली, डोके आडव्या रेषेच्या वर न नेता आणि जीभ न ओढता, गालाच्या कोपऱ्यातून, मग चालवले. वीस मिनिटांत ढेकर. तोंडाने श्वास घेऊ लागली असती तर वेळ काढायचा नाही, डॉक्टर लगेच.

आजपासून आधी सुकी कुट्टी, घास दहानंतर, आदल्या दिवशी कापून सुकवलेला.

२४ जानेवारी

दोन वासरांना उवा. लांब केसांत, मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी. केस फाकवून बॅटरीने पाहिले. औषध दुपारी बाराला, चौदा दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत. जाकिटे उकळून उन्हात.

म्हैस उलटली नाही.

९ फेब्रुवारी

किमान १४, दुपारी ३१. पडदे एकदम काढायचे नाहीत. या आठवड्यात दिवसा वर, रात्री खाली. वासरांची जाकिटे बंद. ओला पेंढा उकिरड्यात शेणाशी थर देऊन.

२० फेब्रुवारी

गोणपाटे उतरवली, धुतली, दोन दिवस कडक उन्हात. गुंडाळून तारेवर टांगली, जमिनीपासून दीड मीटर. गेल्या वर्षीची फडताळात ठेवली आणि उंदरांनी चाळण केली. प्रत्येकावर बाजू आणि माप खडूने लिहिले. बांबू तीन फुटले, बदलायचे. आढ्याची फट तशीच ठेवली आहे.